जॉन कॉन्स्टेबल: एका लँडस्केप पेंटरचं आयुष्य आणि काम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जॉन कॉन्स्टेबल म्हणजे नक्की कोण?

इंग्लंडचा लँडस्केप पेंटर. जन्म ११ जून १७७६, गाव ईस्ट बर्गहोल्ट, सफोक काउंटी. मृत्यू ३१ मार्च १८३७, लंडन. 'द हे वेन' हे नदीत उभ्या असलेल्या गाडीचं चित्र तुम्ही कुठेतरी नक्की पाहिलेलं असणार, ते याचंच. ते चित्र इतक्या कॅलेंडरांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर छापलं गेलंय की लोकांना वाटतं हा माणूस म्हणजे गोड गोड खेड्याची चित्रं काढणारा कोणीतरी. माझं म्हणणं अगदी उलट आहे. त्याच्या काळात त्याच्याइतकं निसर्गाकडे डोळे ताणून बघणारा दुसरा पेंटर मला तरी दिसत नाही, आणि त्या बघण्याची त्याने आयुष्यभर भरपूर किंमत मोजली.

घरची परिस्थिती कशी होती? गरीब होता का?

नाही, अजिबात नाही. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे व्यापारी आणि गिरणीमालक, स्टूर नदीवर फ्लॅटफर्डची आणि डेडमची पाणचक्की त्यांच्याकडे होती, शिवाय पवनचक्की, शिवाय धान्य न्यायला बोटी. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. जन्मला तेव्हा मात्र इतका अशक्त होता की जगतो की नाही म्हणून त्याच दिवशी बाप्तिस्मा उरकून घेतला. थोरल्या भावाला आजारपणामुळे धंदा बघणं शक्य नव्हतं, त्यामुळे गिरणी जॉननेच सांभाळायची हे घरात जवळजवळ ठरलेलं होतं आणि शाळा संपल्यावर त्याने काही काळ गिरणीत काम केलं पण.

हा गिरणीतला काळ वाया गेला असं कुणी म्हणू नये. पवनचक्की चालवणाऱ्याला आभाळ वाचावंच लागतं, वारा कुठून येतोय, जोर किती, पाऊस कधी येणार, यावर त्याची रोजीरोटी असते. पुढे धाकट्या भावाने, एब्रमने, धंदा हातात घेतला आणि जॉन मोकळा झाला. हाच एब्रम नंतर म्हणायचा की जॉनने काढलेली चक्की बघितली की ती फिरेल याची खात्री वाटते, बाकीच्यांच्या चक्क्यांबद्दल तसं वाटत नाही. गिरणीवाल्याने दिलेलं सर्टिफिकेट आहे हे!

चित्रकला शिकला कुठे?

सुरुवात गावातच. जॉन डनथॉर्न नावाचा शेजारी होता, धंदा प्लंबिंग आणि काचा बसवण्याचा, पण चित्रांचं वेड. दोघं मिळून शेतात जाऊन पेंटिंग करायचे. मग सर जॉर्ज बोमाँट नावाच्या श्रीमंत संग्राहकाची ओळख झाली, त्यांच्याकडे क्लोद लोरँ या जुन्या फ्रेंच मास्टरचं हागार आणि देवदूताचं छोटंसं लँडस्केप होतं, ते बघून पोरगा हरखून गेला. १७९९ ला वडिलांनी शेवटी परवानगी आणि खर्चाला पैसे दिले आणि तो लंडनला रॉयल अकॅडमीच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या पेंटरांच्या सगळ्यात मानाच्या संस्थेच्या, शाळेत दाखल झाला, तेव्हा वय २२ पूर्ण. म्हणजे उशीरच म्हणायचा.

आर्ट स्कूलमधून बाहेर पडल्यावर लगेच काम मिळालं का?

मिळत होतं, त्यानेच नाकारलं. १८०२ ला एका मिलिटरी कॉलेजात ड्रॉइंग मास्तरची कायमची नोकरी चालून आली होती. अकॅडमीचे अध्यक्ष बेंजामिन वेस्ट यांनी सांगितलं की ही घेतलीस तर मोठा पेंटर व्हायचं विसर. त्याने नाही सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात डनथॉर्नला पत्र लिहिलं त्यात तो म्हणतो की गेली दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या चित्रांमागे धावत होतो आणि सत्य दुसऱ्याच्या हातून घेत होतो, आता गावी येऊन निसर्गाचा थेट अभ्यास करणार. पंचविशीत हे उमगणं आणि त्यावर ठाम राहणं सोपं नाही, कारण पुढची जवळजवळ १७ वर्षं त्याला म्हणावी तशी दाद कुणी दिली नाही.

मग पोट कसं भरायचं?

वडिलांकडून वर्षाला ठराविक पैसे यायचे. बाकी पोर्ट्रेट्स. आसपासचे जमीनदार, पाद्री, त्यांच्या बायका, मुलं. कुणाला आपल्या बंगल्याचं चित्र हवं असायचं तेही करायचा, १८१६ चं 'विव्हनहो पार्क' हे असंच ऑर्डरचं काम पण काय सुंदर झालंय, तळं, गायी, वरती पळणारे ढग आणि बंगला आपला मागे झाडांत छोटासा! चर्चसाठी धार्मिक चित्रंही केली, ती मला फारशी आवडत नाहीत, त्यात त्याचा जीव नव्हता हे दिसतं.

तो सतत त्याच एका भागाची चित्रं का काढायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्या काळात लँडस्केप पेंटर म्हटलं की इटलीला जायचं, डोंगर, धबधबे, पडके महाल शोधत हिंडायचं असा रिवाज. कॉन्स्टेबल आयुष्यात एकदाही इंग्लंडच्या बाहेर राहायला गेला नाही. १८०६ ला उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात एक मोठी टूर केली, भरपूर वॉटरकलर केले, पण परत तिथे फिरकला नाही. लेस्ली नावाचा त्याचा पेंटर मित्र होता, त्याने लिहून ठेवलंय की डोंगरातला एकांत याच्या मनावर दडपण आणायचा. याला माणसं, गावं, चर्च, शेतं लागायची.

आणि मुळात त्याला जे आवडायचं ते फार साधं होतं. १८२१ च्या ऑक्टोबरमध्ये मित्राला, जॉन फिशरला, लिहिलेल्या पत्रात त्याने यादीच दिलीय: गिरणीच्या बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, विलोची झाडं, कुजलेल्या जुन्या फळ्या, शेवाळलेले खांब, विटांचं बांधकाम. हे सगळं मला आवडतं म्हणतो. आणि पुढे म्हणतो की स्टूरच्या काठावरच्या बालपणानेच मला पेंटर केलं. शेवाळलेले खांब आवडतात असं ठणकावून सांगणारा पेंटर त्या काळात म्हणजे विचित्रच. पण बघा, एकच जागा पुन्हा पुन्हा बघितली की मग जागेतलं नावीन्य संपतं आणि त्या दिवसाचा उजेड, त्या तासाची हवा दिसायला लागते. त्याची खरी कमाई हीच आहे असं मला वाटतं, बाकी सगळं त्यातून आलं.

मारिया बिकनेलची लव्ह स्टोरी खरी आहे का?

खरी आहे आणि फार सोसलंय दोघांनी. मारियाचे आजोबा ईस्ट बर्गहोल्टचे रेक्टर म्हणजे गावातले मोठे पाद्री, श्रीमंत आणि तापट. वडील लंडनला आरमाराच्या खात्याचे वकील. १८०९ च्या सुमाराला दोघांचं जमलं. आजोबांनी साफ सांगितलं की या पोराशी लग्न केलंस तर मृत्युपत्रात छदाम मिळणार नाही. कारण काय तर पेंटर, कमाई नाही, घराणं आपल्या तोलाचं नाही. सात वर्षं दोघं एकमेकांना पत्रं लिहीत बसले, भेटायची चोरी. मारिया समजूतदार होती, ती लिहायची की पैशाशिवाय संसार म्हणजे तुझ्या चित्रकलेचाच घात होईल. १८१६ च्या मे मध्ये कॉन्स्टेबलचे वडील गेले, धंद्यातला वाटा मिळाला, आणि मग २ ऑक्टोबर १८१६ ला लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये लग्न झालं. तो ४० चा, ती २८ ची. लग्न लावलं मित्र फिशरने, तो स्वतः पाद्री होता, आणि नवराबायकोला हनिमूनला आपल्याच घरी ऑस्मिंग्टनला नेलं, समुद्राकाठी. तिथलं वेमथ बेचं चित्र बघा, ढग अंगावर येतात.

सात मुलं झाली.

तो बाहेर बसून पेंट करायचा की स्टुडिओत?

दोन्ही. आणि इथे लोकांचा थोडा गोंधळ होतो.

१८१३ आणि १८१४ च्या त्याच्या खिशातल्या स्केचबुक आजही शिल्लक आहेत, तळहाताएवढी पानं, पेन्सिलने काढलेले नांगर, बोटी, झाडं, एका पानावर दोन दोन तीन तीन स्केच. त्याशिवाय पेंटबॉक्सच्या झाकणात कागद किंवा पातळ फळी लावून मांडीवर ठेवून ऑइल स्केच करायचा, खाली तांबूस रंगाचा थर आधीच दिलेला असायचा आणि तो थर मधेमधे उघडाच सोडायचा त्यामुळे हिरवा रंग एकदम जिवंत वाटतो. १८१५ ला एक्झिबिट केलेलं 'बोट बिल्डिंग' हे तर जवळजवळ पूर्ण जागेवर बसूनच केलेलं, वडिलांच्या गोदीत बांधली जाणारी बोट, बाजूला डांबराच्या भांड्यातून निघणारा धूर, सगळीकडे विखुरलेली हत्यारं. एक एक हत्यार ओळखता येतं, आणि ते बरोबर जिथे असायला हवं तिथे पडलेलं आहे कारण काढणारा माणूस त्याच धंद्याच्या घरातला आहे.

पण मोठी चित्रं मात्र लंडनच्या स्टुडिओत. सहा फुटी कॅनव्हास नदीकाठी नेऊन उभा करणं शक्यच नव्हतं.

'सिक्स-फूटर्स' म्हणजे काय?

अकॅडमीच्या एक्झिबिशनमध्ये भिंतभर चित्रं टांगलेली असायची, छोटं लँडस्केप त्यात हरवून जायचं. मोठी साइज असायची ती इतिहासाच्या आणि पुराणातल्या चित्रांना. कॉन्स्टेबलने ठरवलं की माझी पाणचक्की आणि माझा नांगऱ्या पण त्याच साइजला मांडणार. १८१९ ला 'द व्हाइट हॉर्स', १८२० ला 'स्ट्रॅटफर्ड मिल', १८२१ ला 'द हे वेन', १८२२ ला डेडमजवळचं स्टूरचं दृश्य, १८२४ ला 'द लॉक', १८२५ ला 'द लीपिंग हॉर्स'. सगळी स्टूरचीच, सगळी गावाच्या पंचक्रोशीतली. 'व्हाइट हॉर्स' फिशरने १०० गिनीला (एक गिनी म्हणजे पाउंडापेक्षा जराशी जास्त) घेतलं आणि त्याच वर्षी, ४३ व्या वर्षी, कॉन्स्टेबल एकदाचा अकॅडमीचा असोसिएट, म्हणजे पूर्ण मेंबरच्या खालच्या पायरीचा सदस्य, झाला.

यातली खास गोष्ट म्हणजे प्रत्येक मोठ्या चित्राआधी तो त्याच साइजचं, म्हणजे सहा फुटीच, एक कच्चं ऑइल स्केच करायचा. कोणी करत नव्हतं हे. दुप्पट कॅनव्हास, दुप्पट रंग, दुप्पट मेहनत, आणि ते स्केच विकायचं नाहीच. पण घरी बसून, महिनोन्महिन्यांनी, त्या जागेची हवा परत पकडायची तर त्याला दुसरा मार्ग दिसत नव्हता. आज कित्येकांना ही स्केचेसच पूर्ण चित्रांपेक्षा जास्त आवडतात. 'लीपिंग हॉर्स'च्या बाबतीत मी पण त्याच बाजूचा.

'द हे वेन'मध्ये बघायचं काय?

साइज साधारण १३० बाय १८५ सेंटीमीटर. मूळ नाव 'लँडस्केप: नून', म्हणजे भर दुपार. डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचं घर, समोर फ्लॅटफर्डच्या चक्कीजवळचं उथळ पाणी, त्यात रिकामी गाडी उभी. गाडी रिकामी का? उजवीकडे लांब कुरणात बघा, पांढऱ्या शर्टातली बारीक बारीक माणसं गवत कापतायत, दुसरी एक गाडी भरून निघायच्या बेतात आहे, म्हणजे ही परत भरायला निघालीय. पाण्यात का थांबवली तर घोड्यांना गारवा मिळावा म्हणून, किंवा उन्हाळ्यात लाकडी चाकं आक्रसतात आणि लोखंडी धाव सैल होते म्हणून चाकं भिजवायला, असं सांगतात.

घोड्यांच्या गळपट्ट्यातला लाल रंग बघा. सगळ्या चित्रात हिरवा, करडा, तपकिरी, आणि मधे तो एवढासा लाल. तो बोटाने झाकून बघा प्रिंटवर, सगळं चित्र मलूल होतं.

खाली मध्यावर कुत्रा आहे. तो बघतोय त्या बाजूला काठावर आधी कॉन्स्टेबलने एक घोडेस्वार ठेवायचा विचार केला होता, मोठ्या स्केचमध्ये तो आहे, मग पक्क्या चित्रात त्याच्या जागी पिंप केलं, मग तेही रंगाखाली झाकून टाकलं. ऑइल पेंट जुनं झालं की पारदर्शक होत जातं त्यामुळे झाकलेल्याची सावली आता पुसट दिसायला लागलीय.

आणि गाडी! चित्राचं काम लंडनला चाललेलं, हिवाळा, गाडीचे बारकावे आठवेनात. तर भावाला निरोप पाठवून डनथॉर्नच्या मुलाकडून गावच्या गाडीचं ड्रॉइंग मागवून घेतलं. चाकाचा आरा चुकला तर गावचा माणूस काय म्हणेल ही काळजी त्याला लंडनच्या क्रिटिकपेक्षा जास्त होती.

हे चित्र लंडनमध्ये विकलं गेलं नव्हतं हे खरं का?

हो, १८२१ ला लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळालं नाही. जॉन ॲरोस्मिथ नावाच्या पॅरिसच्या डीलरने आधी ७० पाउंड देऊ केले, याने नकार दिला. शेवटी १८२४ ला 'हे वेन' आणि आणखी एक मोठं स्टूरचं चित्र मिळून २५० पाउंडांत सौदा झाला, वर एक छोटं चित्र असंच दिलं. ती चित्रं पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी एक्झिबिशनमध्ये, लागली आणि एकदम बोभाटा झाला. फ्रेंच पेंटर मंडळी चक्रावली, हिरव्या रंगात इतके हिरवे, आणि ब्रशचे फटकारे तसेच ठेवलेले. राजा दहावा चार्ल्स याने गोल्ड मेडल दिलं. देलाक्रवा या नावाजलेल्या फ्रेंच पेंटरने तर कॉन्स्टेबलची चित्रं बघून आपल्या एक्झिबिशनला निघालेल्या मोठ्या चित्रावर परत हात फिरवला. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्याच लील शहरातही 'व्हाइट हॉर्स'ला गोल्ड मेडल. पुढे फ्रान्समध्ये बार्बिझाँ गावाचे लँडस्केप पेंटर आले त्यांच्यावरही याची छाप आहे.

आणि हा पठ्ठ्या पॅरिसला गेलाच नाही! मेडल घ्यायलाही नाही. त्याचं म्हणणं, आपण आपल्या गावाकडे बरे. १८२५ संपता संपता ॲरोस्मिथशी भांडण झालं आणि फ्रान्सचं दार जवळजवळ बंद झालं. त्याचा स्वभाव इथे नडला असं मला स्पष्ट वाटतं.

ढगांच्या चित्रांचं काय प्रकरण आहे?

माझा सगळ्यात आवडता विषय, त्यामुळे थोडं लांबणार.

मारियाची तब्येत नाजूक होती, लंडनची हवा सोसेना म्हणून हे कुटुंब १८१९ पासून हॅम्पस्टेडला जाऊन राहायला लागलं. हॅम्पस्टेड टेकडीवर, आभाळ मोकळं. १८२१ आणि १८२२ ला त्याने तिथे ढगांची स्केचेस करायचा सपाटाच लावला, १८२२ च्या ऑक्टोबरमध्ये तो फिशरला लिहितो की आभाळाचे ५० एक अभ्यास केलेत. कागदावर ऑइल, तासाभरात संपवायचं, कारण ढग थांबत नाही. सुरुवातीला खाली थोडी झाडं, क्षितिज असायचं, मग मग फक्त आभाळ. जमीन नाहीच.

आणि पाठीमागे नोंद. तारीख, वेळ, कुठल्या दिशेला बघतोय, वारा कसला, नंतर पाऊस आला का. ५ सप्टेंबर १८२२ च्या एकावर लिहिलंय की दुपारी बाराची वेळ, आग्नेयेकडे बघून, वारा जोराचा, सगळं लख्ख आणि ताजं, ढग फार वेगाने पळतायत, मधेमधे निळं एकदम चमकतं. चित्र उलटून हे वाचलं आणि परत सुलटं करून बघितलं की खरंच ढग डावी-उजवीकडे सरकतायत असं वाटतं, कारण ब्रशचा फटकारा वाऱ्याच्याच दिशेने मारलेला आहे, कडा एका बाजूला तुटक आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत. तारखा लिहिलेल्या असल्याने नंतर अभ्यासकांनी त्या दिवसांच्या हवामानाच्या नोंदींशी ही चित्रं ताडून बघितली आणि ती पटतात.

हे का केलं? त्याचं मत होतं की लँडस्केपमध्ये भावना उभी करायचं मुख्य काम आभाळ करतं, आणि उजेड तिथूनच येतो त्यामुळे आभाळ चुकलं की खालची जमीन पण खोटी पडते. तोवर कित्येक पेंटर आभाळ म्हणजे मागे टांगलेली चादर असं समजून शेवटी भरून टाकायचे.

सॉल्झबरीच्या कॅथिड्रलची इतकी चित्रं का?

फिशर मंडळींमुळे. मित्र फिशरचे काका सॉल्झबरी या इंग्लंडमधल्या शहराचे बिशप, म्हणजे तिथल्या कॅथिड्रलचे (मुख्य चर्चचे) प्रमुख पाद्री. त्यांनी ऑर्डर दिली, १८२३ ला 'बिशपच्या बागेतून कॅथिड्रल' तयार झालं. बिशपना कॅथिड्रलवरचा काळा ढग खटकला, जरा निळं आभाळ करा म्हणाले, पुढच्या व्हर्जनमध्ये आभाळ उजळ आहे. ढगाशिवाय कॉन्स्टेबल म्हणजे त्याला शिक्षाच की.

१८३१ चं 'मेडोजमधून (म्हणजे कुरणांतून) कॅथिड्रल' हे मात्र वेगळंच आहे. वादळ, वीज, भिजलेलं कुरण, आणि इंद्रधनुष्य, ज्याचं टोक बरोबर मित्र फिशरच्या घरावर उतरतं. फिशर १८३२ ला गेला. त्याच वर्षी डनथॉर्नचा मुलगाही गेला, तोच ज्याने गाडीचं ड्रॉइंग पाठवलं होतं आणि नंतर लंडनला त्याचा असिस्टंट होता.

चित्रांवर पांढरे ठिपके का दिसतात?

मुद्दाम टाकलेले आहेत. पॅलेट नाइफने किंवा ब्रशच्या टोकाने शुद्ध पांढऱ्याचे कण, ओल्या पानांवर, पाण्यावर, जिथे उजेड फुटतो तिथे. त्याला सकाळचं दव, पावसानंतरची चकाकी हवी होती. क्रिटिक त्याला 'कॉन्स्टेबलचा बर्फ' म्हणून हिणवायचे. जवळून बघितलं तर नुसता रंगाचा राडा, चार पावलं मागे गेलं की पान हलतं.

टर्नरशी त्याचं पटत नव्हतं का?

टर्नर हा त्या काळातला दुसरा मोठा इंग्लिश लँडस्केप पेंटर, त्याच्यापेक्षा एक वर्षाने मोठा आणि २६ व्या वर्षीच पूर्ण अकॅडेमिशियन, म्हणजे अकॅडमीचा पूर्ण मेंबर. हा तिथे पोचला ५२ व्या वर्षी. म्हणजे आतून काय वाटत असेल ते समजून घ्या. तरी टर्नरच्या हाताबद्दल त्याला आदर होता.

१८३२ चा किस्सा लेस्लीने सांगितलेला आहे. एक्झिबिशन उघडण्याआधी पेंटरांना भिंतीवर टांगलेल्या चित्रावर शेवटचा हात मारायची मुभा असायची. कॉन्स्टेबलचं 'वॉटर्लू ब्रिजचं उद्घाटन', ज्यावर तो वर्षानुवर्षं झुरत होता, त्यात शेंदरी लाल झेंडे आणि बोटी भरभरून. शेजारी टर्नरचं करड्या समुद्राचं चित्र. टर्नर आला, दोन्हीकडे बघितलं, आणि आपल्या करड्या समुद्रावर शिलिंगच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा लाल गोळा ठेवून काही न बोलता निघून गेला. त्या एका ठिपक्यासमोर शेजारचा सगळा लाल फिका पडला. कॉन्स्टेबल म्हणाला, तो इथे आला आणि बंदूक झाडून गेला. दीडेक दिवसाने येऊन टर्नरने त्या गोळ्याचा समुद्रातला बोया करून टाकला.

रॉयल अकॅडमीने त्याच्यावर अन्याय केला का?

मला वाटतं केला. फेब्रुवारी १८२९ ला पूर्ण मेंबर म्हणून निवड झाली तीही एका मताने. आणि भेटायला गेला तेव्हा अध्यक्ष लॉरेन्स यांनी सुनावलं की इतिहासाची चित्रं काढणारे मोठमोठे उमेदवार असताना तुझी निवड झाली हे तुझं नशीबच. लँडस्केप म्हणजे खालच्या पायरीची कला हा समज किती घट्ट बसलेला होता बघा.

दुसऱ्याच वर्षी आणखी एक प्रकार. निवड समितीत तो स्वतः बसलेला असताना त्याचंच सॉल्झबरीच्या ओल्या कुरणांचं चित्र चुकून बाहेरच्या लोकांच्या ढिगाऱ्यातून समोर आलं आणि बाकीच्यांनी 'हे कसलं घाणेरडं हिरवं' म्हणत नापास केलं. नंतर कळल्यावर माफी मागून घ्यायला तयार झाले, त्याने ठाम नकार दिला. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

मारिया गेल्यानंतर काय झालं?

१८२८ च्या सुरुवातीला सातवं मूल झालं, लायोनेल. त्याच वर्षी मारियाच्या वडिलांच्या वारशाचे २०,००० पाउंड आले. त्याने लिहिलं की आता सहा फुटी कॅनव्हाससमोर निश्चिंत मनाने उभा राहीन. आणि २३ नोव्हेंबरला मारिया क्षयाने गेली. बारा वर्षांचा संसार. ब्रायटनच्या समुद्राची हवा करून झाली होती, उपयोग झाला नाही. पुढे तो काळे कपडेच घालत राहिला असं सांगतात. अकॅडमीची निवड यानंतर अडीच महिन्यांत झाली, त्यावर त्याचं म्हणणं की आता मी एकटा उरलो, ही गोष्ट सांगू कुणाला.

१८२९ चं 'हॅडली कॅसल' बघा. पडके बुरूज, मोकळी खाडी, रंग खरवडल्यासारखा लावलेला. ती जागा त्याने १८१४ ला पाहिली होती, पेन्सिलचं छोटंसं ड्रॉइंग केलं होतं, आणि १४-१५ वर्षांनी ते बाहेर काढलं.

शेवटची वर्षं कशी गेली?

कामात. डेव्हिड लुकस या तरुण खोदकाराला घेऊन आपल्या लँडस्केप्सचे मेझोटिंट प्रिंट, म्हणजे तांब्याच्या किंवा पोलादी प्लेटवर कोरून काढलेले काळे-पांढरे छाप, काढले, १८३० पासून भाग यायला लागले. एकेका प्लेटवर दुरुस्त्या सांगून सांगून लुकसला भंडावून सोडलं, पैसेही भरपूर घातले, खप नाही. पण काळ्या-पांढऱ्यात त्याचा उजेड कसा चालतो ते बघायचं असेल तर हे प्रिंट सोन्यासारखे आहेत.

१८३६ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानाच्या संस्थेत लँडस्केपवर लेक्चर दिली. तिथे तो म्हणाला की चित्रकला हे शास्त्र आहे, निसर्गाच्या नियमांचा शोध म्हणून ती करावी, मग चित्रं म्हणजे त्या शास्त्राचे प्रयोग का म्हणू नयेत? ढगांच्या पाठीमागच्या नोंदी आठवल्या की हे तोंडदेखलं वाक्य नाही हे लक्षात येतं.

एकदा डेडमच्या बाजूने घोडागाडीतून जाताना एका सहप्रवाशाने सांगितलं, 'हा कॉन्स्टेबलचा मुलुख बरं का.' याने लगेच आपण कोण ते सांगून टाकलं, न जाणो पुढे काय बोलेल म्हणून. जिवंतपणी आपल्या नावाने मुलुख ओळखला जातोय हे त्याला ऐकायला मिळालं, याचं मला फार बरं वाटतं.

३१ मार्च १८३७ च्या रात्री अचानक गेला. 'अरंडेल मिल अँड कॅसल'वर काम चालू होतं, ते त्याच वर्षी एक्झिबिशनला लागलं. हॅम्पस्टेडच्या चर्चच्या आवारात मारियाशेजारी पुरलंय.

स्वभावाने कसा होता?

मुलांवर आणि बायकोवर जीव टाकणारा, मित्रांशी मनमोकळा, बाकी जगाशी फटकळ. जीभ तिखट, टीका मनाला लावून घ्यायचा, डीलर लोकांशी भांडायचा. राजकारणात जुन्या वळणाचा, शेतमजुरांच्या दंगलींच्या काळात त्याची सहानुभूती मजुरांच्या बाजूने नव्हती, आणि चित्रातली शांत राबणारी माणसं बघताना ही गोष्ट माहीत असलेली बरी.

मूळ चित्रं कुठे बघायला मिळतात?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'द हे वेन', 'द कॉर्नफील्ड', 'स्ट्रॅटफर्ड मिल'. 'कॉर्नफील्ड' हे तो गेल्यावर मित्रांनी वर्गणी काढून १८३७ ला गॅलरीला दिलेलं. टेट या आर्ट म्युझियममध्ये 'मेडोजमधून कॅथिड्रल' आणि 'फ्लॅटफर्ड मिल'. रॉयल अकॅडमीत 'लीपिंग हॉर्स'. 'व्हाइट हॉर्स' न्यूयॉर्कला फ्रिक म्युझियममध्ये, 'विव्हनहो पार्क' वॉशिंग्टनला, 'हॅडली कॅसल' येल विद्यापीठाकडे.

पण वेळ कमी असेल आणि एकच ठिकाण निवडायचं असेल तर मी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम सांगेन. मुलगी इझाबेलने १८८८ ला घरातली स्केचेस त्यांना देऊन टाकली. 'हे वेन'चं सहा फुटी स्केच, खिशातल्या स्केचबुक, ढग, सगळं तिथे. माणूस काम कसा करायचा ते तिथे कळतं. फ्लॅटफर्डची जागा आता नॅशनल ट्रस्ट सांभाळतं, विली लॉटचं घर अजून उभं आहे.

आज किंमत काय?

'द लॉक' १८२४ ला एक्झिबिशनच्या पहिल्याच दिवशी १५० गिनीला गेलं होतं, तेच २०१२ च्या लिलावात सुमारे २.२४ कोटी पाउंडांना. 'मेडोजमधून कॅथिड्रल' टेटने २०१३ ला साधारण २.३१ कोटी पाउंडांना घेतलं.

एखादं चित्र खरंच कॉन्स्टेबलचं आहे का हे कसं ठरवतात?

अवघड काम आहे, कारण तो छोट्या स्केचवर सही क्वचितच करायचा आणि त्याची नक्कल करणारे पुष्कळ झाले. त्यात घरातच पेंटर. लायोनेल आणि आल्फ्रेड ही त्याची मुलं दोघंही चित्रं काढायची, आणि लायोनेलची बरीचशी चित्रं वर्षानुवर्षं बापाची म्हणूनच खपत होती, विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती वेगळी काढली. चार्ल्स गोल्डिंग हा आणखी एक मुलगा, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात गेला.

तज्ज्ञ मग कागदाचा वॉटरमार्क, खालच्या थराचा रंग, पाठीमागची नोंद, आणि चित्र कुटुंबातून कुणाकडे कसं गेलं ही साखळी तपासतात. आभाळ आणि जमीन यांचा उजेड एकाच दिशेने येतोय का हेही बघतात, नक्कल करणारे तिथे बहुतेक वेळा घसरतात.